फिरतीवर निघताना : खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांत जाणाऱ्या नव्या सुवार्तिकासाठी

बायबल कॉलेज संपवून आलेल्या नव्या सुवार्तिकाच्या, म्हणजे गावोगाव ख्रिस्ती संदेश सांगत फिरणाऱ्या माणसाच्या, हातात पहिल्याच महिन्यात गावांची यादी पडते. तालुक्याच्या ठिकाणी एक चर्च आणि त्याच्या आजूबाजूला आठ-दहा गावं. कुठे पत्र्याचं प्रार्थनामंदिर, कुठे कुणाची ओसरी, कुठे नुसतं लिंबाचं झाड. त्याला वाटतं, आता बसून संदेश तयार करायचे. संदेश होतात हो. आठवड्यातले थोडे तास त्यात जातात. बाकीचा वेळ एस.टी.ची वाट बघण्यात, लोकांच्या ओसरीवर, आजारी माणसाच्या उशाशी, तहसिलीत कुणाच्या तरी दाखल्यासाठी आणि परत एस.टी.ची वाट बघण्यात जातो. हा लेख त्या बाकीच्या वेळाबद्दल आहे, आणि अहिल्यानगर, बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यातल्या प्रोटेस्टंट मंडळ्या (गावोगावचे ख्रिस्ती समुदाय) डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे. कोकणात किंवा वसईत चित्र बरंच वेगळं असेल.

एक कसोटी आधीच सांगतो, पुढचं सगळं तिच्यावरच बेतलेलं आहे. तुमच्या येण्याचा गावाला खर्च किती पडला? कुणाच्या रोजाचा खाडा झाला का, कुणी उसनवारी करून कोंबडी कापली का, तुम्ही निघून गेल्यावर कुणाला शेजाऱ्यांची बोलणी खावी लागली का? दर मुक्कामानंतर हे स्वतःला विचारा. संदेश किती रंगला, हे विचारायला पुष्कळ लोक आहेत.

आधी गावाचं वेळापत्रक काढा

चर्चची दिनदर्शिका तुमच्याकडे असतेच : आगमनकाळ, नाताळ, उपवासकाळ, झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवार, पुनरुत्थानदिन. तिच्या शेजारी दुसरी दिनदर्शिका स्वतः तयार करा. प्रत्येक गावाचा आठवडे बाजार कोणत्या वारी, जत्रा कधी, हरिनाम सप्ताह कधी बसतो, कापूस वेचणी आणि सोयाबीनची काढणी कधी जोरात असते, शाळेच्या परीक्षा कधी. बाजाराच्या दिवशी सभा ठेवली तर चार म्हाताऱ्या येतील. सप्ताहाच्या दिवसांत ठेवली तर चार म्हाताऱ्याही येणार नाहीत आणि गावाला विनाकारण वाटेल की तुम्ही मुद्दाम हाच मुहूर्त काढला.

बीड, पाथर्डी, शेवगाव या भागात काम असेल तर ऊसतोडीचा हंगाम म्हणजे अर्धं वर्ष. दसरा झाला की टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्याच्यावर मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल. ती फिटेपर्यंत परतायचं नाव नाही. गावात मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. रिकाम्या प्रार्थनामंदिरात उपासना घेऊन ‘लोकांचा विश्वास थंडावला’ असा अहवाल लिहिणारे पुष्कळ असतात. लोक कारखान्याच्या रानात आहेत, एवढंच झालेलं असतं. नाताळही नेमका हंगामाच्या भरात येतो.

तेव्हा हंगामात तुम्हीच कोप्यांवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांच्या तळावर, जायचं. गावातून निघण्यापूर्वी कोण कोणत्या कारखान्याला गेलं ते लिहून घ्या, मुकादमाचा फोन नंबर घ्या आणि त्याला आधी सांगा. तळावर रविवार असा काही नसतो. गाडी लागली की रात्री दोनलाही उठून भरायला जावं लागतं. त्यातल्या त्यात बरी वेळ म्हणजे संध्याकाळी सात-साडेसात, चुली पेटलेल्या असतात तेव्हा. बायका भाकरी टाकत असतात, पुरुष वाढ्यांचे (उसाच्या हिरव्या शेंड्यांचे) भारे विकून नुकतेच परतलेले असतात. सगळ्यांना एका जागी बोलावू नका. चुलींच्या मध्ये कुठेतरी पोतं टाकून बसा, म्हणजे बायकांना काम न सोडता ऐकता येईल. एक गीत, एक छोटा उतारा, दहा मिनिटं बोलणं, प्रत्येक कोपीसाठी नाव घेऊन प्रार्थना. अर्ध्या तासात आटपा. पहाटे तीनला उठणाऱ्या माणसाकडून तासभर घेणं म्हणजे त्याच्या झोपेतून घेणं.

तळावर मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याच्या मजुरांचा दाखला वाचून बघा. कॉलेजात आपण धन्याच्या कृपेवर निबंध लिहितो. इथे लोक आधी विचारतात, दिवस मावळायला आलेल्या त्या माणसाला सकाळी कुणी का नेलं नाही? माझ्यासमोर एका आजोबांनी त्याचं उत्तरही देऊन टाकलं : “म्हातारा आसंल. म्हाताऱ्याला कोण उचल देतंय?” मग पूर्ण रोज मिळाल्यावर त्याच्या घरी काय झालं असेल, यावर बोलणं सुरू झालं आणि मला फार काही सांगावं लागलं नाही.

पिशवीत काय असावं

एक पाठपिशवी, तीही स्वतःला उचलता येईल अशी. बायबल, ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक, उपासनाक्रमाचं पुस्तक, पावतीपुस्तक, एक डायरी. चर्चचं ओळखपत्र आणि नेमणुकीच्या पत्राची प्रत, दोन्ही प्लास्टिकच्या पाकिटात. टॉर्च, पॉवर बँक, स्वतःची चादर आणि टॉवेल, डासांचं मलम, क्षारांची पाकिटं, रोजची औषधं. खाऊ-चॉकलेट नेऊ नका. पोरं तुमच्याभोवती जमतील, पण पाहणाऱ्याला त्याचा अर्थ भलताच लागू शकतो.

पांढरा झगा किंवा गळपट्टी दीक्षित पाळकांसाठी, म्हणजे चर्चने विधिपूर्वक नेमलेल्या धर्मगुरूंसाठी, असते. तुम्ही दीक्षित नसाल तर साधा, धुतलेला शर्ट पुरतो. लोक तुम्हाला पहिल्याच दिवशी ‘पाळकसाहेब’ म्हणायला लागतील. एकदा सांगून बघा की मी अजून पाळक नाही. ऐकणार नाहीत, पण तुम्ही सांगितलेलं त्यांच्या लक्षात राहतं.

प्रवास आणि मुक्काम

फिरत्या माणसाची खरी सोबतीण म्हणजे मुक्कामी गाडी. संध्याकाळी तालुक्याहून निघते, रात्री शेवटच्या गावात थांबते आणि पहाटे परत फिरते. सभा संध्याकाळची असेल तर तिनेच जा, तिनेच या. चालक-वाहकांशी ओळख ठेवा. गाडी रद्द झाल्याचं त्यांच्याकडून आधी कळतं. एस.टी.त मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांपुढच्या ज्येष्ठांना मोफत प्रवास, हे तालुक्याच्या सभेला माणसं जमवताना उपयोगी पडतं. एकामागून एक लांबचे पल्ले असतील तर ‘आवडेल तेथे प्रवास’ योजनेतला चार किंवा सात दिवसांचा पास परवडतो का ते बघा.

मोटरसायकल घेतलीत तर हेल्मेट घाला. हंगामात अंधार पडल्यावर कारखान्याच्या रस्त्यांवर तर जाऊच नका. दोन-दोन ट्रॉल्या लावलेला उसाचा ट्रॅक्टर मागून दिसतच नाही. कित्येकांना लाल दिवा नसतो, परावर्तकही नसतो. सभा लांबली तर तिथेच मुक्काम करा, घरी फोन करून सांगा. ‘प्रभू सांभाळतो’ हे खरंच आहे, पण उगाच परीक्षा बघू नका.

मुक्काम कुणाकडे करायचा? लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभूने शिष्यांना पाठवताना सांगितलं आहे, एका घरातून दुसऱ्या घरी फिरू नका आणि पुढे वाढतील ते खा. या एका सूचनेत गावातलं अर्धं राजकारण मिटतं. पहिल्यांदा ज्यांच्याकडे उतरलात तिथेच पुन्हा उतरा, मग ते घर मंडळीतलं सगळ्यात गरीब का असेना. पुढे कुणी स्लॅबच्या घरात, पंख्याखाली झोपायला बोलावलं तरी सामान हलवू नका. पहिल्या घरच्या बाईच्या मनाला ते किती लागतं, याची पुरुषांना सहसा कल्पना येत नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी फोन करून स्पष्ट सांगा : “कोंबडी कापू नका, मी पिठलं-भाकरी खाणार आहे.” दोनदा सांगा. पहिल्यांदा सांगितलेलं भिडेपोटी धरलं जातं.

बाई सुवार्तिक असेल तर एकटीने अनोळखी गावात मुक्काम करू नये. जिथे घरात बाईमाणूस आहे तिथेच राहावं, आणि आपण कुठे आहोत ते मंडळीतल्या दोघांना तरी माहीत असावं. मिशनच्या काळात ‘बायबलबाया’ गावोगाव पायी फिरत, त्याही जोडीनेच. पुरुषांनीही जोडी धरलेली बरी. मार्कच्या सहाव्या अध्यायात बारा शिष्यांना दोघा-दोघांनाच पाठवलं आहे. एक बोलतो, दुसरा बघतो की ओसरीच्या कोपऱ्यात कोण गप्प बसलंय.

घरभेट

नवा माणूस याच पायरीवर सगळ्यात घाईत असतो. यादी हातात, बारा घरं, प्रत्येक घरी स्तोत्र तेवीस, दोन मिनिटं प्रार्थना आणि पुढे. याला घरभेट म्हणायचं नाही.

आधी चहापाण्याचं. प्रत्येक घरी चहा घेतलात तर तब्येत बिघडेल, हे खरं. पण नकार देताना पाण्याला कधीच नाही म्हणू नका. या मंडळ्यांतल्या बहुतेक घरांचे आजे-पणजे महार, मांग समाजातून आलेले. ज्यांच्या हातचं पाणी कुणी शिवत नव्हतं, त्यांच्या नातवंडांच्या घरी तुम्ही तांब्या परत केलात तर कारण काहीही असो, त्यांना एकच कारण ऐकू येतं. त्यामुळे बाटलीतलं पाणी सगळ्यांसमोर काढून पिऊ नका. पाण्याने पोट बिघडण्याची भीती असेल तर दोन घोट घ्या. चहाचं मात्र सांगता येतं : “आत्ताच झालाय, अर्धाच द्या, बिनसाखरेचा.” दूध नाही म्हणून कोरा चहा पुढे आला तर मागून घेतल्यासारखा प्या.

बसायचं ओसरीवर किंवा दार उघडं असलेल्या खोलीत. घरात एकटी बाई असेल तर उंबऱ्याबाहेरूनच विचारपूस करून पुढे जा, संध्याकाळी घरधनी आल्यावर या. यात संशयाचा भाग नाही. तुमच्यामागे तिला गावात राहायचं आहे.

बसल्यावर लगेच बायबल उघडू नका. शेळी व्याली का, कापूस किती झाला, पोराची बारावी कशी गेली. सुरुवातीची पंधरा मिनिटं तुम्ही फक्त विचारायचं. खरी गोष्ट बहुधा निघायच्या वेळेला, चपला घालताना बाहेर पडते. “साहेब, जरा प्रार्थना करा, धाकटी माहेरी येऊन बसलीय.” तेव्हा घड्याळ बघू नका. चपला काढून परत बसा.

मग उतारा त्या घराला लागू पडणारा घ्या. कर्ज झालेल्या घरात श्रीमंत तरुणाची गोष्ट वाचून काय साधणार? आणि प्रार्थनेत उपदेश घुसडू नका. “हे प्रभू, या घरातल्या भावाची दारू सुटू दे” असं शेजाऱ्यांच्या देखत मोठ्याने म्हणणं ही प्रार्थना नाही, जाहीर फजिती आहे. तो माणूस पुढच्या वेळी तुमची चाहूल लागताच मागच्या दाराने शेतात जाईल.

बाहेर पडल्यावर, गाडीची वाट बघताना डायरीत दोन ओळी लिहा : कोण आजारी, कुणाची परीक्षा, कुणाचं बाळंतपण कधी. पुढच्या वेळी गावात शिरण्याआधी ते पान वाचा. पण कुणी विश्वासाने सांगितलेली गुपितं डायरीत लिहायची नाहीत आणि दुसऱ्या गावात ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणूनही सांगायची नाहीत. मंडळ्यांमधली अर्धी भांडणं प्रार्थनेच्या विषयांतून सुरू होतात, हे कुठल्याही जुन्या पाळकीणबाईंना विचारा.

सभा, गायन आणि संदेश

खेड्यातल्या सभेत वीस मिनिटांपुढे संदेश नेऊ नका. एक उतारा, एक मुद्दा. शहरातल्या कन्व्हेन्शनमध्ये ऐकलेला आवाज काढू नका. वीस माणसांच्या ओसरीवर माइक लागतच नाही.

गायनाकडे मात्र कॉलेजात मिळतं त्यापेक्षा पुष्कळ जास्त लक्ष द्या. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत आले आणि १८३१ मध्ये नगरला त्यांनी ठाणं घातलं. लोकांना आपलंसं वाटेल असं गाणं मात्र इथल्याच ख्रिस्ती माणसांनी दिलं. नगरच्या मंडळींनी एकोणिसाव्या शतकातच कीर्तनाची परंपरा उचलली. पूर्वरंग, उत्तररंग, झांजा, मृदंग सगळं तसंच ठेवून आख्यान उधळ्या पुत्राचं किंवा योसेफाचं. पुढे १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजनांचा एवढा मोठा ठेवा दिला की आजही त्यांच्या गीतांशिवाय मराठी उपासना पुरी होत नाही. पेटीवर सूर धरता येणं, निदान झांजेचा ताल न चुकवणं, एवढं पहिल्या वर्षात शिकून घ्या. गावात एखादी आजी असते, तिला लिहिता-वाचता येत नाही पण दोनशे गीतं तोंडपाठ असतात. तिलाच गीत सुरू करायला सांगा. तुम्ही मोबाईलवर ट्रॅक लावलात की ती गप्प होते.

उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन क्रुसावरच्या सात उद्गारांवर उपासना असते. सातही उद्गारांवर स्वतः बोलायचा हट्ट धरू नका. गावातला शिक्षक, अंगणवाडी सेविका, कॉलेजातला मुलगा यांना एकेक उद्गार महिनाभर आधी वाटून द्या आणि तयारीला मदत करा. एप्रिलच्या उन्हात पत्र्याखाली तीन तास बसायचं असतं, तेव्हा पाण्याचा माठ भरून ठेवायची जबाबदारीही कुणाकडे तरी सोपवा.

आजारी माणूस आला तर

आजाऱ्यासाठी प्रार्थना करा, याकोबाच्या पत्रात सांगितल्याप्रमाणे तेल लावण्याची तुमच्या मंडळीची रीत असेल तर मंडळीच्या वडिलांना (कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांना) सोबत घेऊन तेही करा. पण औषध बंद करायला कधीही सांगू नका, आडूनसुद्धा नको. ‘विश्वास ठेव, गोळीची गरज नाही’ हे वाक्य साखरेच्या किंवा फिटच्या रोग्याच्या जिवावर बेतू शकतं. साप-विंचू किंवा कुत्रं चावलं असेल तर प्रार्थना गाडीत बसल्यावर करा. आधी १०८ ला फोन करा आणि सरकारी दवाखाना गाठा. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार अशा माणसाला उपचारापासून रोखणं आणि चमत्काराचा देखावा करून पैसे कमावणं हे गुन्हे आहेत. आणि ‘अमुक रोग हमखास बरा’ असं पत्रकावर छापलंत तर १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदाही आडवा येतो. ‘रोगमुक्ती महासभा’ अशा फलकांची हौस असेल तर ती इथेच सोडा.

‘पोरीला लागीर झालंय’ म्हणूनही लोक घेऊन येतात. पोरगी लग्नाच्या वयाची असते, घरी काहीतरी चाललेलं असतं, कुणी ऐकून घेतलेलं नसतं. तिला धरून ठेवणं, ओरडणं, मारणं यात कधीही भाग घेऊ नका. गर्दी बाजूला करा, तिच्या आईला आणि मंडळीतल्या एखाद्या समजूतदार बाईला तिच्याजवळ बसवा, शांतपणे प्रार्थना करा आणि जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात न्यायला सांगा. मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी टेली-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. तो शेतकऱ्यांच्या घरीही कामाला येतो.

कायदा आणि गाव

राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने आपला धर्म पाळण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क सगळ्यांना दिला आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. १९७७ साली रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. कित्येक राज्यांत यावर वेगळे कायदे आहेत आणि ते बदलत असतात. ज्या राज्यात पाऊल टाकाल तिथला सध्याचा कायदा आधी वकिलाकडून समजून घ्या, मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशांवरून नको.

रोजच्या कामात याचा अर्थ असा. बोलावलेल्या घरीच जा. कुणाच्या देवाबद्दल, सणाबद्दल वावगं बोलू नका, चेष्टेतही नाही. धान्य, कपडे, फी, नोकरी यांचा विश्वासाशी संबंध जोडू नका. मदत करायचीच तर मंडळीमार्फत, सगळ्यांना सारखी. दुसऱ्यांची लहान मुलं आईबापांना विचारल्याशिवाय सभेत बसवू नका. उघड्यावर कार्यक्रम असेल तर पोलिसांची लेखी परवानगी घ्या, पोलीस पाटील आणि सरपंचांना स्वतः जाऊन सांगा. ध्वनिक्षेपक रात्री दहानंतर बंद. ठरावीक दिवसांना प्रशासन सूट देतं, पण त्याचा आदेश हातात असल्याशिवाय धरून चालू नका.

कुणी बाप्तिस्मा मागितला तर आनंद वाटेल, पण तुमची घाई तिथे आवरा. पाळकांना कळवा, शिक्षणवर्ग होऊ द्या, घरच्यांशी बोलणं होऊ द्या. आणि माणूस अनुसूचित जातीतला असेल तर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झाल्यावर त्या जातीचे लाभ मिळत नाहीत, हे त्याला आधीच उघड सांगा. सवलत, शिष्यवृत्ती, निवडणुकीतली राखीव जागा सगळं त्यात आलं. हे लपवून कुणाला पाण्यात उतरवणं म्हणजे फसवणूक, मग हेतू कितीही पवित्र असो.

आणि कधी जमाव आलाच तर वाद घालू नका, वचनं ऐकवू नका. बायका-मुलांना आधी घरात पाठवा, ओळखपत्र दाखवा, ११२ ला फोन करा, चर्चच्या कार्यालयाला कळवा आणि पोलीस सांगतील तसं करा. शेजारच्या हिंदू-मुसलमान घरांशी तुमची आधीपासून ऊठबस असेल तर अशा वेळी तेच पुढे होऊन बोलतात. ही ऊठबस जमाव आल्यावर जमत नाही. कुणाच्या दहाव्याला, कुणाच्या ईदला, कुणाच्या बैलपोळ्याला जाऊन ती जमते.

पैसा

दानार्पणाला तुमचा हात लागू देऊ नका. मंडळीच्या दोघा वडिलांनी मोजायचं, वहीत लिहायचं, सह्या करायच्या. क्यूआर कोड लावायचा तर मंडळीच्या खात्याचा, स्वतःच्या मोबाईलचा नाही. दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) हातात दिला तर पावती फाडा, वीस रुपयांचीसुद्धा. सुगीच्या सणाला लोक ज्वारी, भोपळे, अंडी, जिवंत कोंबडा आणतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. त्यात एक कोंबडा तीनदा विकला जातो आणि गावाला खूप मजा येते. तुम्ही बोली लावा, पण जिंकू नका.

परदेशातून कुणी ‘तुमच्या सेवेसाठी’ वैयक्तिक खात्यावर पैसे पाठवतो म्हणाला तर नको म्हणा. २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखाली अशा कामासाठीचा परदेशी पैसा नोंदणीकृत संस्थेलाच घेता येतो, तोही ठरवून दिलेल्या खात्यात. मानधन तुटपुंजं असतं आणि उशिरा येतं, हे धरूनच घरखर्च आखा. गावात कुणाकडून उसने घेऊ नका. ज्याच्याकडून घेतले त्याच्या घरभेटीला पुढे तुमचे पाय वळत नाहीत.

लग्न आणि मयत

लग्न लावण्याचा अधिकार १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने ठरतो. दीक्षित पाळक किंवा परवाना असलेली व्यक्ती हवी, सर्वसाधारणपणे सकाळी सहा ते संध्याकाळी सातच्या आत. तुमच्याकडे परवाना नसेल तर कितीही गळ घातली तरी लावू नका. तुम्ही लावलेल्या लग्नाचा दाखला पुढे कुठेच चालत नाही आणि त्रास मुलीला होतो. हळदीला जा, जेवा, गाणी म्हणा.

मयताचा निरोप आला की हातातलं काम टाकून निघा. पोहोचल्यावर आधी विचारा, जागा कुठे आहे. कित्येक गावांत ख्रिस्ती दफनभूमीचा वाद असतो किंवा सातबाऱ्यावर नोंदच नसते. हे ऐन वेळी कळलं तर प्रेत ओसरीवर ठेवून लोक ग्रामपंचायतीत भांडत बसतात. म्हणून प्रत्येक गावाची जागा, तिचा गट नंबर आणि रस्ता कोणाच्या शेतातून जातो हे डायरीत आधीच असू द्या, शक्य असेल तर उतारा काढून ठेवा. उपासना लहान ठेवा. योहानाचा अकरावा अध्याय पुरतो. मयताचे गुण वाढवून सांगू नका, गावाला सगळं माहीत असतं. दफन झाल्यावर सगळे पांगतात, तेव्हा तुम्ही थांबा, आणि आठवड्याभरात परत एकदा जा. त्या दुसऱ्या वेळी कुणी रडत नसतं, पण बोलतात बरंच.

घर आणि तब्येत

आठवड्यातला एक दिवस घरचा ठेवा. बहुतेकांना सोमवार जमतो. त्या दिवशी फोन बायकोकडे किंवा नवऱ्याकडे द्या, मयताशिवाय उचलायचा नाही असं ठरवून. मुलांच्या शाळेतल्या पालकसभेला निदान एकदा तुम्ही दिसलात पाहिजे. घशासाठी गार पाणी आणि तळलेलं टाळा. वर्षातून एकदा रक्तातली साखर तपासून घ्या. चहा, भात, अवेळी जेवण आणि गाडीवरचं बसणं ही फिरत्या माणसाची चौकट आहे, त्यातून मधुमेह फार लांब नसतो.

बदली झाल्यावर

तीन-चार वर्षांनी बदलीचं पत्र येईल. जाण्याआधी नव्या माणसाला घेऊन प्रत्येक गावात एक चक्कर मारा. डायरीतली कामाची पानं त्याला उतरवून द्या : बाजाराचे वार, मुकादमांचे नंबर, दफनभूमीचे गट नंबर, कोणत्या आजीला कोणतं गीत येतं. कोणत्या घरात काय भांडण आहे ते देऊ नका, ते त्याचं त्याला दिसेल.

मग जुन्या गावचे फोन येत राहतील. “नवे साहेब तुमच्यासारखे नाहीत.” ऐकायला बरं वाटतं, म्हणूनच ते बोलणं वाढवायचं नाही. त्यांच्या तक्रारी ऐकून घेऊ नका, त्यांना नव्या साहेबांकडेच पाठवा. जुन्या मंडळीत लग्नाला किंवा मयताला जायचं असेल तर आधी नव्या माणसाला फोन करा, आणि तिथे गेल्यावर त्याने सांगितल्याशिवाय प्रार्थनेला उभे राहू नका.